वहीच्या समासातील विचार

29 जुलै 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, प्रगतिपुस्तकामध्ये शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबरच विद्यार्थ्याने स्वतःचे व सहाध्यायांनी परस्परांचे केलेले मूल्यमापनही नोंदवावे, अशी जी तरतूद आहे तिचे मी मनापासून स्वागत केले होते. परंतु परिपत्रकाने विचाराची सवय लागत नसते; रकाना आखून दिला की तो कसाबसा भरून मोकळे होण्याकडे शाळेच्या दप्तराचा कल असतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2009 साली मोठ्या उमेदीने आरंभलेले सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन 2017 साली आवरते घेतले गेले, तेव्हा नोंदींच्या तगाद्यापुढे मुलांशी बोलायला सवड उरत नाही, ही शिक्षकांची तक्रार जुनी झाली होती.

भाषेच्या तासाला तर ही सवड सर्वांत अगत्याची. दिल्लीतील मराठी मूल घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत बहुधा इंग्रजी बोलते. ते 'माझी पुस्तक हरवली' असे लिहिते. त्याखाली तांबडी रेघ ओढली जाते, शुद्ध वाक्य पाच वेळा लिहून घेतले जाते, आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा वहीत हजर होते. याउलट, 'तुला ती पुस्तक असे का वाटले?' एवढेच विचारून त्याचे उत्तर समासात त्याच्याच शब्दांत लिहू दिले, तर हिंदीत हाच शब्द स्त्रीलिंगी आहे, तिथे लिंगे दोनच आणि मराठीत मात्र तीन, हा शोध ते स्वतः लावते. आणि जिची त्याला लाज वाटत होती ती चूक दोन भाषा जाणणाऱ्या बुद्धीतून उपजली, हेही त्याला उमगते.

निबंधाचेही तसेच. गुण पडले की मुलाच्या लेखी विषय निकालात निघतो. म्हणून गुणांपूर्वीच मसुदा परत द्यावा, तो शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवावयास सांगावा, जीभ अडखळली तेथे खूण करवावी, आणि कोणते वाक्य का बदलले हे दोन ओळींत लिहवून घ्यावे. भरगच्च वर्गात हे कसे साधावे, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. मात्र दर आठवड्याला प्रत्येक वही तपासलीच पाहिजे हा दंडक सैल केला, तर पाच-सहा वह्या खऱ्या अर्थाने वाचता येतील.

राजधानीतील मुख्याध्यापकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, आठवड्यातील भाषेची एक तासिका त्यांनी बिनगुणांची ठेवावी, आणि त्या तासिकेच्या वह्या कोणत्याही तपासणीस मागवू नयेत.