लंडनहून घरी आलेली पत्रे

बारावीचा निकाल लागला की घराघरांत हिशेब सुरू होतो. मुलगा इंजिनिअर झाला तर जर्मनीला जाईल, मुलगी फार्मसी करील. त्यासाठी कर्ज काढायची, वेळ पडली तर दागिने मोडायचीही आपली तयारी असते. पण एखादी मुलगी म्हणाली की मला साहित्यात एम.ए. करायचे आहे, जमले तर लंडनला जाऊन शिकायचे आहे, की घर गप्प होते. मग दादी विचारते, "गोष्टी वाचायला एवढ्या लांब कशाला जायचे?"

प्रश्न वावगा नाही. पैसा कष्टाचा असतो आणि लेक जिवापाड असते. त्याहून मोठी भीती अशी की लांब गेलेली लेक मनानेही लांब जाईल. याच भीतीपोटी चांगली लिहिणारी एक मुलगी पुण्यापर्यंतही पोचू शकली नाही, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून आज अतिया फैजी यांच्याविषयी लिहावेसे वाटते.

अतिया फैजींचा जन्म 1877 सालचा, इस्तंबूलमधला. घराणे मुंबईच्या तय्यबजींच्या गोतावळ्यातले. थोरल्या बहिणींपैकी नाझली या जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम, त्यामुळे मुरूडशी या घराचे जवळचे नाते. 1906 मध्ये अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला गेल्या. त्याच वर्षी राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कोल्हापुरात मुस्लिम एज्युकेशन सोसायटी आणि बोर्डिंग सुरू केले. समाजातल्या मुलांना शिकण्यासाठी शहरात राहता यावे, याचीच तेव्हा धडपड चालू होती. अशा काळात एक अविवाहित मुलगी समुद्रापार शिकायला निघाली होती.

तब्येत बिघडल्यामुळे त्या वर्षभरानंतर अभ्यास अर्धवट सोडून परतल्या. हातात प्रमाणपत्र नव्हते. आपल्या हिशेबाने शिष्यवृत्ती वाया गेली म्हणायची!

पण लंडनमध्ये असताना त्या रोजची हकिकत उर्दूत लिहून बहिणींना पाठवत होत्या. तिथले कॉलेज, तिथली घरे, भेटलेली माणसे, सगळे त्यात असे. त्या वेळी केंब्रिजला शिकणाऱ्या इक्बाल यांची आणि त्यांची ओळखही 1907 मध्ये लंडनलाच झाली. बहीण जोहरा यांनी ही पत्रे नीट लावून लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वां' या स्त्रियांच्या साप्ताहिकाकडे दिली. मोहम्मदी बेगम त्याच्या संपादक. कधी घराबाहेर न पडलेल्या कितीतरी बायकांनी लंडन पाहिले ते या पत्रांतून. पुढे 1921 मध्ये त्यांचे पुस्तक झाले, 'जमाना-ए-तहसील'. आपल्याला तहसील म्हटले की कचेरी आणि सातबारा आठवतो. मूळ अर्थ मात्र मिळवणे, हासिल करणे. म्हणजे हा शिकण्याचा, विद्या मिळवण्याचा काळ.

अतियांना लिहायला लंडनने शिकवले का? आम्हाला तसे वाटत नाही. तय्यबजी घराण्यात 'अखबार' म्हणवल्या जाणाऱ्या वह्या असत. घरातल्या लहानथोरांनी त्यात हकिकती लिहायच्या आणि सगळ्यांनी त्या वाचायच्या, असा रिवाज होता. अशा घरातली मुलगी लंडनला गेली तेव्हा लिहिण्याची सवय तिच्याबरोबर गेली. शहराने तिला नवे पाहायला दिले, पण लिहिण्याचा हात घरानेच वळवला होता.

मग परदेशी जायचे तरी कशाला? कारण काही गोष्टी लांबून जास्त स्पष्ट दिसतात. इक्बाल 1905 ते 1908 युरोपात होते. जर्मनीत त्यांनी इराणी तत्त्वचिंतनावर प्रबंध लिहिला, पण कविता उर्दू-फारसीतच केली. हायडलबर्गला नदीकाठच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. सज्जाद जहीर यांनी लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांवर 'लंडन की एक रात' ही कादंबरी लिहिली, तीही उर्दूत. 1935 च्या सुमारास त्यांनी आणि मुल्कराज आनंद यांनी मित्रांसह लंडनमध्ये प्रगतिशील लेखकांचा गट उभारला आणि पुढच्याच वर्षी लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली त्याची परिषद भरली. आपले बा. सी. मर्ढेकर आय.सी.एस.साठी लंडनला गेले. ती परीक्षा साधली नाही, पण मराठी कवितेला नवे वळण देणारा कवी परत आला. इक्बाल, जहीर, मर्ढेकर यांपैकी कोणाचीही भाषा लांब जाण्याने सुटली नाही.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच. लेकीने साहित्याचे नाव काढले तर लगेच 'नाही' म्हणू नका. विद्यापीठ कोणते, खर्च किती, राहायची सोय काय, हे जरूर विचारा. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. खर्च झेपत नसेल तर शिवाजी विद्यापीठ आपल्या दाराशी आहे. तिथला एम.ए.देखील कमी नाही.

आणि मूल पुण्याला जावो की लंडनला, त्याला एक अट घाला. आठवड्यातून एकदा घरी लिहायचे, मराठीत किंवा उर्दूत. व्हिडिओ कॉलवर "जेवलीस का?" इतके विचारून होते, पण ते बोलणे मागे राहत नाही. लिहिलेले दादीला वाचून दाखवता येते, धाकट्या भावंडांसाठी जपून ठेवता येते.

याची तयारी मात्र आत्ताच करावी लागेल. शंभर पानी वही आणा, पहिल्या पानावर 'अखबार' लिहा आणि ती घरात सगळ्यांच्या हाताशी राहील अशी ठेवा. पहिली हकिकत अम्मीने लिहावी.