आधी ब्रेक, मग दिवा

आमच्याकडे २००६ सालची करिझ्मा आहे. २२३ सीसीची ही गाडी हिरो होंडाने २००३ मध्ये बाजारात आणली. चिरंजीवांना ती घेऊन कसारा घाटातून नाशिकला जायचे होते. त्याआधी नवा एलईडी दिवा हवा होता. आम्ही पुढचा ब्रेक दाबून पाहिला. लिव्हर मऊ लागला. ब्रेक ऑइल काळपट झाले होते, रबरी नळीही तडकली होती. दिव्याचे पैसे नळीत गेले. चिरंजीव रुसले.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. मग उतारावर ब्रेक तापला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबूनही गाडी आवरत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे.

रविवारी दोघे बसलो. नवी नळी जोडली. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून टोक बाटलीत सोडले. लिव्हर दाबून धरायचा, निपल सैल करून पुन्हा आवळायचे, मगच लिव्हर सोडायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते. ऑइल झाकणावर लिहिलेल्या प्रतीचे, सीलबंदच घ्यावे. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

गल्लीत हळू चालवून पाहिली. चिरंजीव म्हणाले, "पप्पा, दिवा पुढच्या पगारात."

वाचक बंधू-भगिनींनो, आज घरच्या गाडीचा लिव्हर एकदा दाबून पाहाच.