सापाचा गृहप्रवेश

मुंग्यांनी वारूळ बांधावे आणि नागोबाने आयते त्यात राहायला यावे, यासारखी किफायतशीर गृहयोजना जगात दुसरी नसेल. ना आगाऊ रक्कम, ना हप्ता, ना जामीनदार. मी बँकेत कारकून आहे. माझ्या घराचे कर्ज फिटायला अजून अकरा वर्षे आहेत, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मला नागोबाचा मनापासून हेवा वाटतो. ज्या प्राण्याने उभ्या जन्मात स्वतःसाठी एक वीट रचली नाही, त्याला घर मांडून द्यायला माणसांनी निघावे, आणि त्यातले एक माणूस माझ्याच घरात निघावे, याला काय म्हणावे?

आमचे चिरंजीव अकरावीत आहेत, शास्त्र शाखेत. मी बी. कॉम. असल्यामुळे त्यांनी सांगितलेले शास्त्र मला ताळेबंदासारखे टिचक्या मारून तपासावे लागते. गेल्या मार्चमध्ये ते एक कागद घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. मार्चमध्ये बँकेच्या माणसाला ‘हो’ आणि ‘नाही’ यांतला फरक कळत नाही, हे घरच्यांना अनुभवाने ठाऊक असते.

“बाबा, सही नको. फक्त वाचा.”

वाचले. ‘बॉल पायथन’ नावाचा आफ्रिकेतला एक लहानखुरा अजगर आणायचा होता. चिरंजीवांच्या मित्राच्या पुण्यातल्या मावसभावाकडे असे दोन आहेत, त्यातला एक तो द्यायला तयार होता. साप बिनविषारी. घाबरला की स्वतःचाच चेंडू करून बसतो, म्हणून हे नाव. इथवर मला काही म्हणायचे नव्हते. घाबरल्यावर चेंडू होणारे दोघेतिघे आमच्या शाखेतही आहेत, तपासणीचे पथक आले की दिसतात. पुढे मात्र ‘निवासव्यवस्था’ असा मथळा होता.

काचेची लांबलचक पेटी. तिच्या एका टोकाला ३२ अंश, दुसऱ्या टोकाला २६, म्हणजे महाराजांना ऊब हवी तेव्हा इकडे आणि गारवा हवा तेव्हा तिकडे. दोन्हीकडे लपायला एकेक खोपटे, तेही अंगाला घट्ट बसणारे, कारण मोकळ्या जागेत त्यांचा जीव घाबरा होतो. आत बसून भिजता येईल एवढे पाण्याचे पातेले. हवेत साठ टक्के ओलावा, कात टाकायच्या दिवसांत त्याहून जास्त. झाकणाला कडी. आठ-पंधरा दिवसांनी एक उंदीर. आणि सर्वांत खाली लाल शाईने: ‘आणल्यावर पहिला आठवडा हात लावू नये. सारखे डोकावू नये. नव्या जागेत त्याला रुळू द्यावे.’

खर्चाची बेरीज अठरा हजार चारशे.

आता हे सगळे कुठे, तर परभणीत. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ वर जातो. त्या दिवसांत २६ अंश फक्त फ्रिजमध्ये सापडतात. मी हे दाखवून देताच चिरंजीव म्हणाले, “कूलर आहे की आपल्याकडं.” तो कूलर माझा आहे. तीन उन्हाळे बँकेच्या कर्मचारी पतपेढीचे हप्ते भरून मी तो घेतला आहे, आणि त्याच्यासमोर कोणी पसरायचे याचा निर्णय मी आफ्रिकेवर सोडणार नाही.

पण खरे सांगायचे तर मला झोंबली ती ती लाल शाई. बावीस वर्षांपूर्वी माझी बदली परभणीला झाली. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आधीच्या शाखेतल्या लोकांनी मला निरोपाच्या हारासकट घातली होती. इथे आल्यावर मला किती दिवस रुळू दिले? सकाळी साडेदहाला हजर झालो, पावणेअकराला काउंटरवर होतो, आणि अकराला एक आजोबा पासबुकावरचा फोटो आपला नाही असे मला शपथेवर सांगत होते. हात लावू नये, सारखे डोकावू नये, हे माझ्या बाबतीत आजवर कोणाला सुचलेले नाही.

असो. मी कारकुनाचे पहिले शस्त्र काढले: कागद. आपल्याकडचा कुठलाही जंगली साप घरात पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे चिरंजीवांना माहीत होते, म्हणून तर ते आफ्रिकेत गेले. पण २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ साली नियम आले. असे परदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करायची. पिल्ले झाली, मालक बदलला, प्राणी मेला, तेही कळवायचे. थोडक्यात, सापालाही केवायसी. पुण्याच्या मावसभावाकडे यातले काय काय आहे, असे मी विचारले. फोन झाले. काहीही नव्हते.

दुसरीकडे सौ. ने एकाच प्रश्नात निकाल लावला होता. “उंदीर ठेवणार कुठं?” “फ्रीजरमध्ये. गोठवलेले मिळतात.” त्यावर ती काही बोलली नाही. फक्त फ्रिजपुढे जाऊन उभी राहिली.

प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण मुलाचे म्हणणे फ्रिजच्या दाराशी हरावे हे मला पटेना. त्याला सापांविषयी खरेच प्रेम आहे. तो मला म्हणाला, “बाबा, तुम्ही लोक सापाला भिता म्हणून विरोध करता. नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले होते.” हे खरे आहे. १९८० साली पुण्यात ते काचेच्या खोलीत राहिले, आणि साप उगाच कोणाला चावत नाही हे लोकांना त्यांनी बसल्या जागी दाखवले. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले तेही त्यांच्यामुळे. मला त्या माणसाविषयी अतोनात आदर आहे. पण तिथे काचेच्या आत माणूस गेला होता, आपल्या पायांनी, आणि तीन दिवसांनी दार उघडून बाहेर आला. इथे काचेत जाणार साप. हा बॉल पायथन वीस-तीस वर्षे जगतो. म्हणजे माझ्या गृहकर्जाची मुदत. आणि मला निदान संध्याकाळी फिरायला जाता येते.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी जेवताना, झोपताना आणि स्कूटरवर मागे बसवून मुलाला सांगितले आहे. सापाला आपले काहीही नको आहे. त्याला आपले प्रेम नको, भीती नको, दूध तर मुळीच नको; दूध हे त्याचे अन्नच नव्हे. त्याला वासराने जग पाहिले की नाही याच्याशीही कर्तव्य नाही. त्याला हवे ते त्या कागदावर लाल शाईने लिहिलेले आहे: हात लावू नका, डोकावू नका. फक्त तिथे ‘पहिला आठवडा’ हे शब्द चुकून पडले आहेत.

पण माणसाला नेमके तेवढेच जमत नाही. एकजण काठी घेऊन धावतो, दुसरा वाटी घेऊन, तिसरा काचेची पेटी घेऊन. बत्तीस शिराळ्याला पूर्वी नागपंचमीच्या आधी नाग पकडून मडक्यांत ठेवत आणि पंचमीला मिरवत. न्यायालयाचे आदेश आले आणि ती मिरवणूक थांबली. चिरंजीव त्याला अंधश्रद्धा म्हणतात. मी म्हटले, “मग तुझ्या पेटीत आणि त्या मडक्यात फरक कोणता? तुझ्यातलं दिसतं. आणि ते लोक पंचमी झाली की सोडून तरी देत.” यावर ते गप्प झाले. वादात मुलगा गप्प होण्याचा योग मला क्वचित येतो, म्हणून तारीख लिहून ठेवली आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा कारकून स्वतः सापांचा मोठा कैवारी दिसतो. तसे नाही. ते सांगायला हवे.

आमची वसाहत वसमत रस्त्याला आहे, पूर्वीच्या कापसाच्या रानात. सात वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडाला, एका सकाळी मागच्या अंगणात पत्र्याखालून साप निघाला. चांगला सहा फूट. शेजारचे मास्तर धावले, त्यांचा भाचा धावला, समोरचे गुत्तेदार बनियनवर धावले. मी मारले नाही. मी काठीही दिली नाही. मास्तर “काठी कुठंय?” असे ओरडले तेव्हा ती न्हाणीच्या दारामागे आहे, एवढे मी सांगितले. बँकेत यालाच ‘माहितीसाठी सादर’ म्हणतात. त्याने अंगावर कोणाची जबाबदारी येत नाही.

सगळे संपल्यावर आमचे दूधवाले मामा आले. किटली खाली ठेवून त्यांनी त्या लांबड्याकडे पाहिले.

“धामन की वो साहेब ही. ईख नसतंय तिला. कशाला मारलाव?”

मास्तर म्हणाले, धामण म्हशीचे दूध पिते, पायाला विळखा घालून पिते. वास्तविक सापाला चोखताच येत नाही, पण मामांनी शास्त्रात वेळ घालवला नाही. “पीत आसंल घोटभर,” ते म्हणाले, “तुमीबी पानी घातल्यालं पिताव की बिनबोभाट.” किटली उचलून ते पुढच्या घरी गेले.

त्या वर्षी उंदरांनी माझ्या स्कूटरची वायर, सौ. ची दोन पैठणींपैकी चांगली पैठणी आणि विमा पॉलिसीचा मूळ कागद खाल्ला. सहा फुटी धामण दिवसाढवळ्या फुकट जे काम करत होती, त्यासाठी मी आता दर महिन्याला औषध आणतो.

आणि भीती खरी नाही असेही मी म्हणत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही महाराष्ट्रात आहेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने बारा लाखांच्या आसपास माणसे गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. हा आकडा मी जिथे वाचला तिथे मला शून्ये दिसली. माणूस दिसले ते काउंटरवर.

जिंतूरकडच्या एका गावची बाई. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला वीस रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला दोन लाख. नवरा रात्री जमिनीवर झोपलेला असताना साप चावला. त्याला देवळात नेले, तिथून एका जाणत्याकडे. पहाटे गेला. सर्पदंश योजनेत बसतो, पण त्यासाठी दवाखान्याचा तेव्हाचा कागद लागतो. मी यादी करून दिली, अमुक जोडा, तमुक जोडा. तिने यादी उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, “दवाखान्यात नेलंच न्हाई साहेब, तर कागद कुठून आनू?” मी तिचा अर्ज त्रुटींसह परत केला. नियमाप्रमाणे बरोबर केला. चारही सापांवर चालणारी एकच लस सरकारी रुग्णालयात मिळते, आणि त्या बाईच्या घरात मच्छरदाणी नव्हती. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, दंश कळतही नाही. पलंग आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्यावर ती बरीचशी अडते. अठरा हजार चारशेत पन्नास-साठ मच्छरदाण्या सहज येतात. हा हिशेब मी चिरंजीवांना त्यांच्याच कागदाच्या मागे करून दाखवला. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढे काय केले ते मी विचारलेले नाही.

घरात विषारी साप शिरला तर काय करायचे? वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावायचा, साप दिसेल इतक्या लांब उभे राहायचे आणि जाणकार सर्पमित्र येईपर्यंत कोणाला काठीचा पत्ता सांगायचा नाही.

काचेची पेटी चिरंजीवांनी आधीच आणून ठेवली होती, जुन्या बाजारातून, माशांची. सौ. ने तिच्यात कोथिंबीर लावली आहे. मागच्या अंगणात कुंपणासाठी आणलेल्या विटांची रास दोन वर्षे पडून आहे. जूनपासून तिच्यात एक धामण राहते. पाऊण रासेवर तिचा ताबा आहे. दुपारी अकराच्या सुमारास ऊन खायला येते. चिरंजीव खिडकीतून वहीत वेळ टिपतात, खिडकी उघडत नाहीत. गवंडी गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा येऊन गेला.

“साहेब, कुंपनाचं काम लावू का आता?”

मी म्हटले, पाऊस उघडू दे, मग बघू.

“पाऊस कवाच उघडलाय की वो.”

“मग दिवाळीनंतर.”