जन्मभूमीचे ऋण कोणी फेडायचे?

सुरतेत स्थिरावलेल्यांनी आपल्या मूळ गावी जलसंचयाची कामे उभारावीत, हे केंद्रीय जलशक्तिमंत्री सी. आर. पाटील यांचे आवाहन जन्मभूमीच्या ऋणाची आठवण करून देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यासाठी सुरतेत मोठा कार्यक्रमही झाला. पाटील मूळचे खानदेशातल्या जळगाव जिल्ह्यातले. त्यामुळे सुरतेच्या पांडेसरा भागातल्या रंगाई-छपाईच्या मिलांत राबणाऱ्या खानदेशी माणसाला हा शब्द घरचा वाटतो.

हेतू चांगलाच आहे. खानदेशातल्या कोरड्या विहिरींना पुनर्भरण हवेच आहे. मात्र ऋणाची भाषा कापडाच्या व्यापाऱ्याला आणि मिलमधल्या कामगाराला एकाच ओळीत उभे करते. शिवाय सरकारचे कर्तव्य नागरिकाच्या पुण्याईवर ढकलले जाण्याचा धोका असतो.

नैतिक आवाहनाची कसोटी याच परिसरात एकदा लागली होती. दांडीयात्रेत, २९ मार्च १९३० रोजी, सुरत जिल्ह्यातल्या भाटगाम येथे गांधीजींनी स्वतःच्याच यात्रेतली उधळपट्टी जाहीरपणे मांडली. मजुराच्या डोक्यावर जड दिवा वाहून नेला जात होता, हे त्यांना असह्य झाले. व्हाइसरॉयच्या पगारावर बोट ठेवणाऱ्याने आधी आपला हिशेब दिला, म्हणूनच त्या शब्दाला वजन आले.

आजच्या आवाहनानेही हिशेब द्यायला हवा: कोणत्या गावात कोणते काम झाले, पावसाळ्यानंतर पाणी किती टिकले, देखभाल कोणाकडे आहे. आणि कर्मभूमीवरही ऋण आहेच. पांडेसऱ्यातल्या कामगाराला पुरेशी मजुरी, सुरक्षित मिल आणि स्वच्छ पाणी देण्याचे.