बिनतारी यंत्रे आणि उभा ऊस

सभासद बंधू-भगिनींनो,

गटागटांतून फिरताना हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, रानातली ओल मोबाईलवर दाखवणारं ते यंत्र घ्यावं का?" माझे उत्तर असे, की घ्यावे, पण एकट्याने घेऊ नये, आणि डोक्याएवढ्या उभ्या उसात चालवून दाखविल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

ही अट मी अनुभवाने घालतो. एका विक्रेत्याने आपल्याकडच्या आडसाली प्लॉटमध्ये ओलावा मोजणारी चार यंत्रे बसविली. ऑगस्टची लागण, रान मोकळे. घरच्या ओट्यावर बसून आकडे दिसू लागले, सारी भावकी बघायला जमली. पुढच्या जूनपर्यंत ऊस डोक्यावर गेला आणि आकडे बंद पडले. विक्रेता म्हणाला, यंत्र खराब. बदलून दिले, तरी तेच. शेवटी मी एक यंत्र लांब काठीला बांधून शेंड्याच्या वर धरले, तर आकडे पुन्हा सुरू! यंत्रात काहीच बिघाड नव्हता. अडत होती ती लहर.

बिनतारी म्हणजे हवेतून जाणारी रेडिओची लहर. घरातले साधे वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालते, त्याची लहर साधारण १२ सेंटिमीटरची. लहर जितकी आखूड, तितकी ती ओल्या पाल्यात लवकर मरते, आणि आपला ऊस म्हणजे तर उभे पाणीच. त्या विक्रेत्याची यंत्रे याच पट्ट्यातली होती. मोकळ्या रानात शंभर मीटर जाणारी लहर फडात चार सऱ्या ओलांडताना दमते. ब्लूटूथही त्याच पट्ट्यातले, पण त्याचे काम हाताच्या अंतराचे. चिटबॉयच्या हातातला मोबाईल कमरेच्या छोट्या छपाई यंत्राला चिठ्ठी छापायला सांगतो, ते याच्यावर. (हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हराल्ड राजाच्या टोपणनावावरून पडले म्हणतात. राजाने ऊस पाहिला नसावा.) तिथे ते उत्तम आहे, रानात त्याचा उपयोग नाही.

रानासाठी दुसरा पट्टा आहे. भारत सरकारने २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांना विनापरवाना खुला केला. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो तो याच पट्ट्यात. त्या पट्टीत बॅटरीसुद्धा नसते, वाचणाऱ्या यंत्राच्या लहरीवरच ती जागी होते. ह्याच पट्ट्यात 'लोरा' नावाची पद्धत चालते. तिची लहर सुमारे ३५ सेंटिमीटरची. ती फार थोडा मजकूर, तोही सावकाश पाठविते. फोटो पाठवायला ती निरुपयोगी, पण ओलीचा एक आकडा तासाला एकदा पाठवायला फोटोची वाट कशाला हवी? मूठभर बियाण्याला कोणी ट्रॉली जोडत नाही. मोकळ्या जागेत उंचावरून ती काही किलोमीटर जाते आणि एक बॅटरी वर्षानुवर्षे पुरते. मात्र मधे टेकडी आली तर तीही अडते, आणि तिलाही अँटेना शेंड्याच्या वर हवी. पंधरा-सोळा फुटी पाइप रोवावाच लागतो. उंदीर वायर कुरतडतात, हेही आधीच धरून चाला.

मोबाईल स्टार्टर मात्र आपल्याकडे चांगला रुळला आहे. रात्रीच्या पाळीची वीज, वाटेत साप, आता तर बिबट्या. घरून कळ दाबून मोटर सुरू होते त्याची किंमत मला नीट कळते. तरी दोन गोष्टी सांगतो. हा स्टार्टर सिमकार्डावर चालतो. रिचार्ज संपला की तो मुका. जुने स्टार्टर २जीवर चालणारे आहेत, आणि काही कंपन्यांचे जाळे मुळातच ४जीचे असल्यामुळे त्यांचे सिम त्यात चालत नाही. यंत्र घेण्याआधी आपल्या विहिरीवर कोणाची रेंज येते ते काठावर उभे राहून बघा, दुकानात नव्हे. दुसरे असे, की मोटर चालू झाली एवढेच तो सांगतो, पाट कुठे फुटला ते सांगत नाही. घरून कळ दाबायची सोय झाल्यापासून काही रानांत बांधाबाहेर पाणी जाताना मी पाहिले आहे. चोपण झालेले रान सुधारायला किती वर्षे जातात हे आपल्यापैकी पुष्कळांना वेगळे सांगायला नको. आणि वीज येताच सगळ्यांच्या मोटरी आपोआप एकदम उठल्या तर डीपी जळतो, मग आठ दिवस सगळेच कोरडे.

म्हणून ओलीचे यंत्र आणि स्टार्टर ही जोडीने हवीत, आणि ती प्रत्येकाने वेगळी घेणे मला पटत नाही. लोराचे आकडे गोळा करणारे एकच यंत्र, ज्याला गेटवे म्हणतात, गावाच्या पाण्याच्या टाकीवर किंवा गट ऑफिसच्या गच्चीवर बसविले तर आसपासच्या शेकडो रानांचे आकडे ते घेऊ शकते. गट ऑफिसात वीज आहे, इंटरनेट आहे. सभासदाने फक्त आपल्या रानातले यंत्र घ्यावे, महिन्याचे वेगळे सिम नको. जे काम एकट्याला महाग ते मिळून करायचे, यासाठीच तर आपण शेअर घेतले. एका गटात एक हंगाम करून पाहावे, असा विचार मी संचालक मंडळापुढे ठेवला आहे. मंजुरी त्यांची.

यात एक शंका सभासद बोलून दाखवितात, आणि ती रास्त आहे. आपल्या रानाचे आकडे कारखान्याकडे गेले तर उद्या तोड देताना त्यांचा वापर होईल का? माझ्या मते आकडे ज्याच्या रानाचे त्याच्याच मालकीचे असावेत, आणि तोडणी कार्यक्रमासाठी ते वापरायचे तर आधी वार्षिक सभेत ठराव व्हावा. तसे लेखी ठरल्याशिवाय गेटवे बसवू नये, असेही मी कळविले आहे.

यंदा लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसात याल तेव्हा आपल्या विहिरीवर कोणत्या कंपनीची रेंज येते आणि रानातून गावची पाण्याची टाकी दिसते का, एवढे दोन तपशील सोबत आणावेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी