गाव बदललं, खातं तेच

"ताई, बेळगावचं पोस्टातलं पीपीएफ राहू दे तसंच. इथं विद्यानगरात बँकेत नवीन काढते." धाकट्या जाऊबाई गेल्या महिन्यात म्हणाल्या आणि माझ्या हातातली परात खाली ठेवली गेली. काउंटरवर कुणीतरी त्यांना "नवंच काढा, सोपं पडेल" असा सल्ला दिला होता म्हणे.

मैत्रिणींनो, एका माणसाला पीपीएफचं एकच खातं. दुसरं निघालं तर ते अनियमित ठरतं. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमानुसार दुसऱ्यातली रक्कम पहिल्यात मिळवतात, पण वर्षाच्या मर्यादेत बसेल तेवढीच. वरचे पैसे बिनव्याजी परत! बरं, पहिलं बंद करावं म्हटलं तर पाच वर्षांनंतर गंभीर आजारपण किंवा उच्च शिक्षण अशी मोजकीच कारणं चालतात, शिवाय व्याजही एक टक्का कमी धरतात. यजमानांची बदली त्यात नाही.

जाऊबाईंचं खातं ऑगस्ट २०१२ चं. मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून १५ वर्षं, म्हणजे १ एप्रिल २०२८ ला पैसे हातात. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी राखलेले. नव्या खात्याची पंधरा वर्षं मोजत बसल्या असत्या तर मुलगी सासरी गेली असती!

मग रीतसर बदलीचा अर्ज बेळगावच्या पोस्टात दिला. पोस्टातून बँकेत, बँकेतून पोस्टात, दोन्हीकडे चालतं. मूळ अर्ज, सहीचा नमुना, वारसनोंद आणि शिल्लक रकमेचा चेक जुनं ऑफिस नव्याकडे धाडतं. इथं केवायसीचे कागद द्यावे लागतात. जुन्या पासबुकाची झेरॉक्स मात्र आधी काढून ठेवा. आमचे कागद पोचायला वेळ लागला, तेव्हा तीच उशाशी घेऊन जाऊबाई झोपत होत्या.

खातं आलं, उघडल्याची तारीख तीच राहिली.

आता भरण्याचं. वर्षाला कमीत कमी ५००, जास्तीत जास्त दीड लाख. अज्ञान मुलीच्या खात्यात आपण भरलेलेही त्यातच धरतात. महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक, तिच्यावर व्याज. म्हणून पैसे ५ तारखेच्या आत जमा व्हावेत, चेक असेल तर आणखी आधी टाकावा. एखादं वर्ष हप्ता चुकलाच, तर त्या वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड भरून खातं पुन्हा सुरू होतं.

जाऊबाईंनी परवा नवं पासबुक देवापुढं ठेवलं. पेढे धारवाडचेच होते.