‘आजी, तू बस!’

आमच्या घरात आजीच्या कानांवर सर्वांत जास्त वेळा पडणारे वाक्य म्हणजे ‘आजी, तू बस!’ तिने कळशीला हात लावला की आई धावते, ती पाट्या-वरवंट्याकडे वळली की काकू मिक्सर सुरू करते, आणि ती बाजारातून आली की पिशवी मी ओढून घेतो. यात माया आहे, हे कोण नाकारील? पण मागच्या पावसाळ्यात दहा-बारा दिवस तापाने अंथरुणाला खिळलेली आजी बरी होऊन उठली, तेव्हा हात टेकल्याशिवाय तिला पाटावरून उठता येईना. ताप गेला तो पायांतले बळ घेऊन गेला. ‘वय झाले’ असे म्हणून घरातल्यांनी विषय मिटवला. मला तो मिटवावासा वाटत नाही.

वयाबरोबर स्नायू झिजतात, हे खरेच आहे. या झिजेला अमेरिकन वैद्यकतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले, आणि २०१६ मध्ये अमेरिकेत तिला रोग म्हणून स्वतंत्र क्रमांक मिळाला. परंतु यातला किती भाग वयाचा आणि किती भाग बसून राहण्याचा? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस गेले. ना ताप, ना दुखणे, नुसती विश्रांती!

उलट दिशेचा प्रयोग त्याआधीच झाला होता. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियातारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजने उचलायला लावली. १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती आणि दोघांनी हातातली काठी सोडली होती. पुढे १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर मोठा प्रयोग झाला. त्यात काहींना व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. नुसत्या पेयाने ताकद वाढली नाही. महागड्या पावडरीचे डबे आणून आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या मुला-नातवंडांनी एवढे लक्षात ठेवावे.

म्हणजे आहार गौण, असे मात्र नव्हे. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, असे या विषयातले तज्ज्ञ सांगतात. पन्नास किलोच्या आजीला पन्नास ते साठ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.) आता आपल्या घरातले ताट पाहा. सर्वांची पाने वाढून झाल्यावर तळाला उरलेली आमटी आजीची. रात्री ‘हलके हवे’ म्हणून पेज किंवा दूधभात. सोमवार, गुरुवार, एकादशी आहेतच. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीत. खिचडीला काही लाज राखली असेल तर ती शेंगदाण्यांनी. उपास सोडा असे मी म्हणत नाही, पण एरवी मटकीची उसळ, झुणका, वाटीभर दही, चालत असेल तर अंडे, हे आधी तिच्या पानात पडायला काय हरकत आहे?

स्नायू हे केवळ ओझी उचलण्याचे साधन नव्हे. रोगांशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींना लागणारे ग्लुटामिन मुख्यतः स्नायूंतूनच येते. इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वयाच्या, आयुष्यभर सायकल चालवलेल्या १२५ जणांची तपासणी झाली. थायमस ही ग्रंथी उतारवयात आक्रसते. पण या मंडळींच्या रक्तात तिच्यातून नव्याने निघालेल्या पेशी बैठ्या समवयस्कांपेक्षा बऱ्याच जास्त आढळल्या. हे २०१८ चे संशोधन. अर्थात हे लोक आयुष्यभराचे सायकलपटू. चार महिन्यांच्या व्यायामाने तेच फळ मिळेल, असे त्यावरून म्हणता येणार नाही. स्नायूंची गोष्ट जरा निराळी. कॅनडात १४ वृद्धांनी आठवड्यातून दोनदा, असा सहा महिने वजनांचा व्यायाम केला. त्यांच्या मांडीच्या स्नायूंतील जनुकांची वयानुसार बदललेली कामगिरी बऱ्याच अंशी तरुणांसारखी झाल्याचे २००७ मध्ये दिसून आले.

आपण बेळगावकर तालमीचा अभिमान बाळगणारे. पण तालीम तरुण पोरांची. म्हातारे बाहेर कट्ट्यावर, आणि बायकांना तर तिथे कधी पाऊलही ठेवता आले नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी उतारवयातही सूर्यनमस्कार घालीत, हे आपण कौतुकाने सांगतो. तेच आजीने घालायचे म्हटले तर घरात हशा पिकेल. कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मित्राच्या घरीही अज्जीची हीच कथा आहे. या बाबतीत सीमावाद नाही!

रक्तदाब तपासून, डॉक्टरांना विचारून, आजी हल्ली रोज सकाळी कुकर लावला की खुर्चीतून हात न टेकता उठते आणि बसते. पहिल्या आठवड्यात तीनदा जमले, आता दहादा जमते. पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या दोन बाटल्या घेऊन अंगणात फेऱ्याही मारते. कळशी मात्र आई अजून तिच्या हातातून काढून घेते, आणि त्यावरून दोघींचे रोज वाजते.